मुकीचं नेहमीचं

घर, ९ जानेवारी

चिमे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण फोन तुझ्या दादांच्या खिशात असतो, आणि तुला लावला की ते शेजारी उभे राहून माझी वाक्यं पुरी करतात. हे त्यांच्या कानावर आत्ताच जायला नको आहे.

गोष्ट मुकीची आहे. तू शिकायला गेलीस त्यानंतर ती आली, त्यामुळे सुट्टीत चार दिवस पाहिली असशील तेवढीच. आता आपल्याकडे दोनच गाढवं आहेत, मुकी आणि भुरी. नऊ वर्षांपूर्वी दादांनी दोघींना एकाच दिवशी आणलं. भुरी ओरडायला लागली की गल्ली दणाणते. हिच्या तोंडून आल्या दिवसापासून आवाज नाही, म्हणून मुकी. काम तेच, तुझ्या लहानपणी होतं ते. खालच्या रस्त्यावर ट्रक विटा आणि रेती टाकून जातो, आणि वर जिथे हातगाडीसुद्धा चढत नाही तिथे पायऱ्यांवरून या दोघी माल नेतात.

गेले काही महिने मुकी अर्ध्या वाटेत थांबते. दादा म्हणतात, कामचुकार झालीय, भुरीला राबवते आणि स्वतः मजा बघते. हातात काठी असते आणि ती नुसती हातात राहत नाही. परवा म्हणाले, व्यापारी आला की देऊन टाकतो हिला. तो गाढवं कुठे नेतो ते घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

मला वाटतं, तिला काहीतरी दुखतंय. का वाटतं ते सांगता येत नाही. लंगडत नाही, जखम नाही, खाते. इथल्या डॉक्टरांनी फाटकातूनच बघितलं आणि ठणठणीत आहे म्हणाले. तुम्ही तिथे दवाखान्यात दिवसभर गाढवंच बघता ना. मग तू सांग, जुनं दुखणं ओळखतात कसं? ती आळशी नाही, तिला दुखतंय, एवढं तू कागदावर लिहून दिलंस तर दादा ऐकतील. आधी गाढवांची डॉक्टरीण म्हणून तुला चिडवून घेतील, पण ऐकतील. माझं ऐकत नाहीत.

तुझी वहिनी


दवाखाना, १७ जानेवारी

प्रिय वहिनी,

न बघता कागद कसा देऊ गं? पण तुला वाटतंय ते मी हसण्यावारी नेत नाहीये. घोड्याला दुखलं की तो आकांत करतो. गाढव तसं करत नाही. ते जागच्या जागी गप्प होतं, आणि माणसाला वाटतं, शहाणं झालं. इथे मरायला टेकलेली गाढवं तोंडात गवत धरून उभी असतात, गिळत नाहीत, नुसतं धरून ठेवतात. मालक म्हणतो, बघा, खातंय की.

म्हणून मी एक तक्ता केला आहे. माझा स्वतःचा आहे, इथले सगळे मालक तो भरतात आणि मला त्याचा थोडा गर्वही आहे. सोबत पाठवतेय. त्यात दहा गोष्टी आहेत. कान कुठे आहेत, डोळे किती उघडे, मान किती खाली, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार किती वेळा टाकते, किती वेळ आडवी होते, जोडीदारणीशी कशी वागते, वगैरे. रोज सकाळ-संध्याकाळ बघ. नेहमीसारखं असेल तर शून्य, नेहमीपेक्षा थोडं वेगळं वाटलं तर एक, फार वेगळं असेल तर दोन. महिनाभर भर आणि पाठव.

एकच अट आहे. तुझा जीव आहे तिच्यावर, म्हणून गुण वाढवायचे नाहीत. दिसेल तेच लिही.

चिमी


घर, २२ फेब्रुवारी

चिमे,

तक्ता भरून पाठवतेय. एकही दिवस चुकवला नाही. तापात पडले होते तेव्हासुद्धा अंगावर शाल घेऊन फाटकाशी उभी होते. समोरचा शिंपी रोज विचारायचा, वहिनी, पेपर कसा गेला?

पेपर वाईट गेला. तू उघडून बघशीलच, सगळी शून्यं आहेत. मला गुण द्यायचे होते गं. एकदा मान खाली वाटली म्हणून एक लिहिला आणि मग रबराने खोडला, कारण मान तर तिची नेहमीच तेवढी खाली असते. भार या पायावरून त्या पायावर टाकते, पण तेही रोजचंच. तू दिसेल तेच लिही म्हणालीस. मला जे दिसलं ते सगळं नेहमीसारखं दिसलं.

आता तूच काय ते ठरव. मी तक्त्याचं दादांना सांगितलं. ते हसले, पण तुझं उत्तर येईपर्यंत व्यापाऱ्याला थांबवतो म्हणाले.

तुझी वहिनी


दवाखाना, ३ मार्च

प्रिय वहिनी,

इतका नेटका भरलेला तक्ता मला आजवर कुणी दिला नाही. घाईत लिहितेय, इथे साथ आली आहे आणि आम्ही दोघंच डॉक्टर आहोत.

साठ वेळा बघून साठही वेळा शून्य, म्हणजे या तक्त्यावरून तरी जुनं दुखणं दिसत नाही. वय झालं असेल. दात तपासून घे, ओझं थोडं कमी करा आणि दादाला सांग, काठी कोपऱ्यात ठेव. फार काळजी करू नकोस.

चिमी


घर, २० मे

चिमे,

बरेच दिवस लिहिलं नाही. रुसले नव्हते, लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तुझं पत्र दादांनी मोठ्याने वाचलं, शिंप्यालाही ऐकवलं. दुखत नाही, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, म्हणाले. मी म्हटलं, दुखत नाही असं नाही लिहिलंय, दिसत नाही असं लिहिलंय. त्यावर म्हणाले, तुझं आपलं काहीतरीच. व्यापाऱ्याला दिली नाही तिला, एवढं मात्र केलं. दुखत नसेल तर चालायला काय होतं, असं म्हणून पुन्हा पूर्ण ओझं घातलं. काठीचं तू लिहिलेलं वाक्य त्यांनी वाचलंच नाही.

असो. बाकी घरचं सांगते. मांजरीला तीन पिल्लं झाली, ती शिंप्याच्या चिंध्यांत जाऊन बसली आहेत. जिन्याखालची मोरी एकदाची दुरुस्त केली. भुरीने या आठवड्यात दोनदा खोगिरासकट धुळीत लोळून घेतलं, खोगिराचा पट्टा तुटला आणि दादांचं डोकं फिरलं. मुकीचं तसं काही नसतं. नऊ वर्षांत ती एकदाही लोळली नाही, अंगावर धूळ नाही. दुपारी पडवीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहते, पुढचे पाय लांब पुढे टाकून, तापल्या फरशीवर कुणी उभं केल्यासारखी. टेकून टेकून भिंतीचा तेवढा गिलावा गेला. आली त्या दिवशीही ती अशीच उभी होती आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, बघा, किती सोशीक आहे.

तू जेवतेस ना वेळेवर?

तुझी वहिनी


दवाखाना, २८ मे

वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पुढचे पाय पुढे, पाठ भिंतीला. हे मी इथे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना चित्र काढून शिकवते, वहिनी. खुराच्या आत, हाड आणि नखाच्या मध्ये सूज येते, तेव्हा जनावर पुढच्या खुरांच्या टोकांवरून भार काढायला असंच मागे रेलून उभं राहतं. आणि तू ते मला मोरी आणि मांजरीच्या मधोमध सहज लिहिलंस, कारण तुझ्या लेखी ते दुखणं नव्हतंच. ती मुकी होती, बस.

चूक तुझी नाही. मी तुला नेहमीपेक्षा वेगळं काय ते विचारलं. तिचं नेहमीचंच दुखणं होतं. ती तुमच्या दारात आली तीच दुखण्यासकट, आणि न दुखणारी मुकी तुमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती, तर वेगळं तुला दिसणार कुठून? साठ शून्यं बघून मला हे सुचायला हवं होतं. रोज पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या गाढवाला साठातून एक तरी गुण पडतोच. मी तक्त्यावर खूश होते.

आता तो तक्ता फेकून दे. वरच्या खिडकीतून बघ, तिला तू दिसायला नकोस. माणूस जवळ असला की गाढव सावरून उभं राहतं. तिची तुलना तिच्याशी करू नकोस, भुरीशी कर. भुरी एका तासात जे जे करते ते लिहून काढ आणि त्यातलं मुकी काय काय करत नाही ते बघ. मग खूर बघ. समोरच्या बाजूला आडव्या वळ्या आहेत का, आणि टाचेकडे त्या रुंदावतात का?

आणि तिथल्या डॉक्टरांना हे पत्र दाखवून दुखणं थांबवणारं औषध मागून घे. दहा दिवस द्यायचं आणि काम बंद. गाढवाच्या बाबतीत कधी कधी हाच एक पुरावा मिळतो. औषधाने ती बदलली, तर समजायचं की आजवर दुखत होतं.

दादाला सांग, मी चुकले होते. हेही मोठ्याने वाचायला सांग.

चिमी


घर, १६ जून

चिमे,

आधी खिडकीतलं सांगते. एका तासात भुरीने अंग घासलं, शेपटीने माशा हाकलल्या, दोनदा लोळली, फाटकापर्यंत चारदा जाऊन आली, मुकीच्या मानेला दातांनी खाजवलं आणि आता तू मला खाजव म्हणून मान पुढे करून उभी राहिली. मुकीने यातलं काहीच केलं नाही. ती उभी होती. अकरा वेळा पाय बदलला. मी फाटकाशी गेले तसे दोन्ही कान वर झाले, मान वर आली. मला बघून आनंद होतो तिला, असं मी इतकी वर्षं म्हणत आले.

खुरावर वळ्या आहेत, तू म्हणालीस तशा. डॉक्टरांनी चिमट्याने खूर दाबला, तेव्हा पाय मागे घेतला नाही तिने. नुसती चघळायची थांबली.

औषध सुरू केलं. दादा पहिल्या दिवशी कुरकुरले, पण काम बंद ठेवलं आणि एकट्या भुरीवर भागवलं. चौथ्या दिवशी ती भिंतीपासून दोन पावलं पुढे उभी दिसली. पाचव्या दिवशी भुरीची मान खाजवली. भुरी आधी दचकून बाजूला झाली, तिलाही सवय नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते आणि भुरी ओरडली. लगेच दुसरा आवाज आला. घोगरा, अडखळत, मध्येच तुटणारा. मला वाटलं शेजारच्यांचं गाढव आत शिरलं. बाहेर आले तर मुकी धुळीत लोळून उठत होती, अंगभर माती, आणि मान वर करून ओरडत होती. शिंपी मशीन सोडून बाहेर आला. दादा पडवीत होते. ते खाली बसले. मग म्हणाले, हिला आवाज आहे.

आम्ही तिचं नाव काय ठेवलं होतं गं.

मी रडले, पण ते सुखाचं आहे की कसलं ते मलाच कळेना.

तुझी वहिनी


दवाखाना, २२ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं.

जानेवारीत तू मागितलेला कागद आज देते. वर दवाखान्याचा शिक्का आहे, खाली सही आहे. ही गाढवी आळशी नव्हती. तिच्या पुढच्या खुरांत जुनं दुखणं होतं. औषधाने दुखणं थांबलं. दादाला दे, शिंप्यालाही दाखव.

खुरांचा एक्स-रे कुठे होईल ते विचारून ठेव, मी सविस्तर लिहिते.

चिमी


घर, ३ जुलै

चिमे,

मुकी गेली. शनिवारी सकाळी गेली.

सगळं लिहिते, कारण दादा लिहू शकत नाहीत आणि तुला खरं कळायला हवं.

तुझा कागद आला. दादांनी या वेळी मोठ्याने नाही वाचला, मनातल्या मनात वाचला, घडी घालून खिशात ठेवला. दुखत होतं, थांबलं, असं मला म्हणाले. दहा दिवस संपले होते, पण डॉक्टरांनी अजून दहा दिवसांचं औषध दिलं होतं, ते चालू होतं. शनिवारी मी माझ्या दातांसाठी दवाखान्यात गेले होते. दादा खाली भुरीवर विटा चढवत होते. फाटक उघडं होतं. मुकी आपणहून खाली आली आणि भुरीच्या मागे रांगेत उभी राहिली. दादा म्हणतात, तिने पाठ पुढे केली. काठी घरी होती, मुकी ओरडली त्या दिवसापासून ती त्यांनी उचललेली नाही. त्यांनी नेहमीच्या निम्म्या विटा घातल्या, फार तर निम्म्या. ती वर निघाली, भुरीच्या पुढे. इतकी भरभर चढताना तिला कधी बघितली नव्हती, असं म्हणाले.

वरच्या वळणाच्या अलीकडे तिचा पुढचा पाय बसला. मी पोचले तेव्हा विटा उतरवलेल्या होत्या आणि ती पायऱ्यांवर आडवी होती. डॉक्टर आले. खुराचा तळ त्यांनी मला दाखवला नाही, दादांना दाखवला. आतलं हाड तळातून बाहेर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे पाय केव्हाच निकामी झाले होते, दुखत होतं म्हणून ती जपून टाकायची, जपून टाकत होती म्हणून इतकी वर्षं टिकले. औषधाने दुखणं गेलं आणि तिने जपायचं सोडलं.

सुई दिली. भुरीला आम्ही तिथेच राहू दिलं, तिने खूप वेळ हुंगलं.

दादा तेव्हापासून मला एकच विचारतात. मी म्हटलं, चिमीलाच विचारते. त्यांनी तुझा कागद तीनदा वाचला होता. त्यात पाय अजून तसेच आहेत, असं कुठे लिहिलं होतं?

तुझी वहिनी


दवाखाना, ११ जुलै

वहिनी, दादा,

नव्हतं लिहिलं.

दुखणं थांबणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी रोज प्रत्येक मालकाला फाटकाशी उभं करून सांगते, त्यांच्याकडून म्हणवून घेते. तुम्हाला सांगितलं नाही. मी खुशीत होते, आणि तुम्ही घरचे. घरच्यांना सगळं ठाऊकच असतं, असं कुठेतरी मनात धरून मी सही केली. दादा, तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. मी लिहिलं ते अपुरं होतं.

मी येणार होते, पण तुमच्यासमोर उभं राहायचं धैर्य अजून होत नाही.

भुरीवर लक्ष ठेवा. जोडीदार गेल्यावर गाढव खाणं सोडतं आणि चार-पाच दिवसांत हाताबाहेर जातं. तिला एकटं ठेवू नका.

आणि वहिनी, एक मागते. तुझा हक्क आहे नाही म्हणायचा. तू आता बघायला शिकली आहेस. खालच्या रस्त्यावर इतरांची गाढवं उभी असतात, त्यांच्याकडे तिथे असं बघणारं कुणी नाही. जमलं तर बघ. काही दिसलं तर मला लिही, मालकांना सांग. मुकीसारखं दुसऱ्या कुणाचं व्हायला नको.

चिमी


घर, ३० जुलै

चिमे,

भुरी खाते आहे. दादा तिच्याजवळ पडवीत बसून असतात, घरात फार येत नाहीत. तुझ्यावर रागावलेले नाहीत. कुणावरच नाहीत, तेच मला जड जातंय.

तू सांगितलंस म्हणून मी आठ दिवस खालच्या रस्त्यावर गेले. भाजीची पिशवी घेऊन जायचे, म्हणजे कुणाला वेगळं वाटायला नको. सतरा गाढवं असतात. आधी मला ती सतरा गाढवं दिसायची. आता एकाचे कान आडवे पडलेले दिसतात, एक तोंडाच्या एकाच बाजूने चावतं ते दिसतं, खोगिराला हात लागायच्या आधी एकाच्या पाठीची कातडी थरथरते ते दिसतं. दोघं भिंतीला टेकून असतात. आणि त्यांचे मालक वाईट नाहीत, चिमे. पाणी पाजतात, लाडाने हाका मारतात. एकाला मी सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मी काय करू? त्याला काय सांगू मी? औषध सांगू? मुकीला दिलं तसं?

काल रेतीवाली भेटली. ती एकटी आहे, तिचं एकच गाढव, त्याच्यावर तिचं सगळं चालतं. आपल्याकडे काय झालं ते गल्लीभर झालंय. माझ्याजवळ आली, म्हणाली, वहिनी, तुम्हाला कळतं म्हणतात, माझ्या याला जरा बघा ना, काही दुखत नाही ना याला? गाढव पाय पुढे टाकून उभं होतं. मी वाकून खूर बघितले. वळ्या होत्या. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला तसे त्याने दोन्ही कान वर केले. रेतीवाली हसली, म्हणाली, बघा, तुम्हाला ओळखतो.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला म्हटलं, काही नाही गं, छान आहे.

तिने गोणी उचलून त्याच्या पाठीवर ठेवली आणि दोघं वर निघाले. मी वळणापर्यंत बघत उभी राहिले.

आज गेले नाही. उद्याही जाणार नाही. वरची खिडकी मी दादांकडून खिळे मारून बंद करून घेतली आहे.

तुझी वहिनी